"आधी बिल भरा, मग बघू"

आमच्या गल्लीतल्या मावशी. दोन ट्यूब, एक पंखा, छोटा टीव्ही. दर महिन्याला सत्तर-ऐंशी युनिट. या महिन्यात ३७२!

खिडकीवर उत्तर तयार: "उन्हाळाय. लीकेज असेल. आधी बिल भरा, मग बघू."

म्हटलं, चला बघूच. घरातला मेन स्विच पाडला. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला, म्हणजे मीटर आणि मेन स्विचच्या मध्ये कुठे करंट गळत नव्हता. मग आकडा वाचला. मागचं रीडिंग ४४४०. बिलावर चालू रीडिंग ४८१२. आणि बिल येऊन चार दिवस झाल्यावर मीटर दाखवतो ४५१९. म्हणजे मीटर उलटा पळाला का साहेब? बिलावरचा फोटो तर असा, की त्यात आकडा सोडा, मीटरच ओळखू येत नाही. वर शंभराच्या पुढचे युनिट महागड्या स्लॅबमध्ये. जे जळलेच नाहीत, त्यांनाही चढा दर!

आता "आधी भरा"चं. वीज कायदा २००३, कलम ५६ काढून वाचा. बिलाबद्दल वाद असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम 'निषेध नोंदवून' भरता येते. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तोडायचीच तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. हे खिडकीवरच्यांना माहीत नाही? माहीत असतं हो. मावशींना माहीत नसतं, त्यावर सगळं चालतं.

काल मावशींच्या सहीचा अर्ज दिला, सोबत मीटरचा तारखेसह फोटो. पोच द्यायला पाऊण तास लावला. घेतली, शिक्क्यासकट.