रात्री उघडी ठेवता येईल ती खिडकी



मे महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला नांदेडच्या किंवा लातूरच्या आपल्या कोणत्याही वस्तीतून एक चक्कर मारा. माणसे ओट्यावर, रस्त्याच्या कडेला, स्लॅबवर बसलेली दिसतील. म्हातारी माणसे पदराने नाहीतर पुठ्ठ्याने वारा घेत असतात. घरात पंखा फिरत असतो, पण पंख्याखाली कोणी नसते. आणि घराच्या खिडक्या बंद असतात. का बंद, असे विचारले तर उत्तरे ठरलेली आहेत. डास येतात. चोराची भीती आहे. रस्त्यावरचे लोक आत बघतात. मांजर शिरते.

म्हणजे खिडकीवर पैसे खर्च झाले, पण खिडकी मिळाली नाही. मिळाली ती काच लावलेली भिंत.

आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे जुनी कुजलेली दारे-खिडक्या बदलण्याच्या विचारात असतील. कोणाचे रमाई आवास योजनेतले २६९ चौरस फुटांचे घरकुल मंजूर झाले असेल. दुकानात गेल्यावर चकचकीत वस्तू पुढे येतात आणि आपण रंग बघतो, भाव करतो. आजच्या लेखात एवढेच सांगायचे आहे की, रंग आणि भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा : ही खिडकी मला मे महिन्याच्या रात्री निर्धास्तपणे उघडी ठेवता येईल काय?

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते पाहू. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा आहे. दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो, पण उत्तररात्री हवा बरीच निवते. दिवसभर भिंतींनी आणि स्लॅबने जी उष्णता प्यायलेली असते, ती त्या रात्री आतल्या खोलीत सोडतात. ती उष्णता बाहेर काढायला बाहेरची गार हवा आत यावी लागते. पंखा हवा गार करीत नाही, आहे तीच हवा फिरवतो. बंद खोलीतला पंखा गरम हवाच अंगावर मारतो आणि वर बिलही वाढवतो. म्हणून सकाळी नऊ-दहापासून ऊन उतरेपर्यंत खिडक्या बंद, आणि रात्रभर उघड्या, हा आपल्या भागातला खरा नियम आहे. आपल्याकडे घडते त्याच्या नेमके उलटे.

जुन्या लोकांना माळवद आठवत असेल. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा थर, आणि धूर व गरम हवा जाण्यासाठी छतात साणे. त्या जाड भिंतींना तापायला दिवस लागे, म्हणून लहान झरोक्यावर भागत असे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हीच जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. त्यानंतर दगड-मातीवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि विटा-सिमेंटच्या पातळ भिंती, वर स्लॅब किंवा पत्रे, अशी घरे आली. ते योग्यच झाले. पण पातळ भिंत संध्याकाळपर्यंत तापून निघते. माळवदाला लहान झरोका पुरत होता, स्लॅबच्या घराला तो पुरत नाही. घर बदलले, पण खिडकीची सवय आपण बदलली नाही.

या सवयीमागे नुसता निष्काळजीपणा नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाने खिडकी लहान ठेवली, कारण त्याला भीती होती. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या कशा जळाल्या, हे नांदेड-परभणीकडच्या घराघरांत सांगितले जाते. ज्याने दाराला आतून कडी लावून रात्र काढली, त्याला खिडकी उघडी ठेवा म्हणून उपदेश करणे सोपे नाही. म्हणूनच मी खिडकी उघडी ठेवा एवढेच म्हणून थांबत नाही. उघडी ठेवली तरी भीती वाटणार नाही, अशी खिडकी निवडा असे म्हणतो.

तथागतांच्या काळातही हाच प्रश्न आला होता. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासाविषयी एक मोठे प्रकरण आहे. विहारांना खिडक्या नव्हत्या, आत डोळ्यांना त्रास होई, कुबट वास येई. भगवंतांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली : कठड्याची, जाळीची आणि उभ्या गजांची. खिडकीला पालीत शब्द आहे वातपान. त्यात वात म्हणजे वारा आहेच. पुढे त्या खिडक्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली. तेव्हा खिडक्या बुजवून टाका असे भगवंत म्हणाले नाहीत. खिडकीला पडदा लावा, तेवढ्याने भागले नाही तर झडपा लावा, अशी अनुमती दिली. दाराच्या बाबतीतही तेच. चौकट, उंबरठा, कडी, एवढेच काय, धातूची, लाकडाची आणि शिंगाची अशा तीन प्रकारच्या किल्ल्यांचासुद्धा त्यात उल्लेख आहे. अडचण आली तर उजेड-वारा बंद करायचा नाही, अडचण दूर करायची. ही बुद्धाची रीत आहे आणि ती आपल्या घरात आणायला पैसे फारसे लागत नाहीत.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू.

जागा कोणती? मे महिन्याच्या मध्याला लातूर आणि नांदेडला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडत नाही, ते छतावर पडते. खरी शत्रू आहे पश्चिमेची भिंत. चार वाजता तिरपे ऊन सरळ आत शिरते. पश्चिमेच्या ४ बाय ३ फुटांच्या उघड्या काचेतून साधारण अर्ध्या विजेच्या शेगडीइतकी उष्णता खोलीत येते. म्हणून मोठी खिडकी उत्तरेला आणि दक्षिणेला घ्या, पश्चिमेला घ्यावीच लागली तर लहान घ्या. प्रत्येक खिडकीवर दोन फुटांचा छज्जा हवाच. दक्षिणेच्या खिडकीवरचा छज्जा उन्हाळ्याचे ऊन अडवतो आणि थंडीत सूर्य खाली उतरला की कोवळे ऊन आत येऊ देतो.

आकार किती? आपल्यासारख्या कोरड्या, उष्ण भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान दहाव्या हिश्शाएवढी उघडी जागा असावी, असा बांधकामाचा दंडक आहे. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. तिला १२ चौरस फूट खिडकी हवी. पण एकच ४ बाय ३ ची घेण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींत ३ बाय २ च्या दोन घ्या. वारा एकीकडून आला तरी दुसरीकडून जायला वाट नसेल तर तो येतच नाही. वस्तीत घराला घर लागून असते, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या असतात. अशा वेळी पुढे दार आणि मागे उंचावर झरोका ठेवा. गरम हवा वर जाते आणि तिथून निघून जाते. माळवदातले साणे हेच काम करीत होते.

उघडते कशी? इथे बहुतेकांची फसगत होते, माझीही झाली. सरकती ॲल्युमिनियमची खिडकी दिसायला छान, जागाही अडवत नाही. पण दोन तावदानांपैकी एक नेहमी दुसऱ्यावर सरकते, म्हणजे खिडकी अर्धीच उघडते. १२ चौरस फुटांचे पैसे दिले आणि वारा मिळाला ६ चौरस फुटांचा. बिजागरीवर उघडणारी दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते. लाकडाची असो, लोखंडाची असो की हल्ली मिळणाऱ्या पांढऱ्या यूपीव्हीसीची असो, बिजागरीची मागा. यूपीव्हीसीला वाळवी लागत नाही आणि ते गंजत नाही, पण महाग पडते. लोखंडी अँगलची चौकट स्वस्त, पण पावसाळ्यात खालून गंजते. तिला आधी रेड ऑक्साईडचा हात द्या, मग रंग. दारासाठी सिमेंटची तयार चौकट गरिबाला परवडते, तिला ना वाळवी ना गंज.

गज आणि जाळी. माझ्या मते काचेच्या आधी पैसे इथे घाला. गज पक्के, भिंतीत रुतवलेले, आणि दोन गजांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर नको, म्हणजे लेकराचे डोके अडकणार नाही. एका खिडकीची ग्रील मात्र आतून कुलूप काढून उघडता येईल अशी ठेवा. आग लागली तर तीच वाट असते. गजांच्या आत डासांची जाळी लावा. मलेरियाचा डास रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा, म्हणून जाळी कायमची हवी. ती काढून धुता आली पाहिजे, कारण धुळीने भरलेल्या जाळीतून वारा येत नाही. आत बघणाऱ्यांचा बंदोबस्त खालच्या अर्ध्या भागाला पडदा लावून होतो. वरचा अर्धा भाग मोकळा राहिला की झोपलेल्या बाईला लाज वाटत नाही आणि वाराही अडत नाही.

दार. ज्यांचे घर एका खोलीचे आहे त्यांच्यासाठी दार हीच मोठी खिडकी. बाहेर गजांचे आणि जाळीचे दार, आत नेहमीचे दार, असे दोन ठेवा. रात्री बाहेरच्याला कुलूप लावा, आतले उघडे टाका. पश्चिमेचे पत्र्याचे दार तव्यासारखे तापते. त्याला फिकट रंग द्या आणि दुपारी बाहेरून गोणपाट किंवा बांबूचा चिक सोडा. ऊन काचेच्या किंवा पत्र्याच्या बाहेरच अडवले तर उपयोग. आत आल्यावर पडद्याने अडवणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर दार लावणे.

दुहेरी काच. जाहिरातीत दोन काचांच्या खिडक्या दाखवतात. मधल्या हवेमुळे उष्णता कमी जाते, हे खरे आहे. पण त्या थंड देशांतल्या घरांसाठी, किंवा दिवसरात्र बंद राहणाऱ्या एसीच्या खोलीसाठी. ज्या घरात रात्री खिडकी उघडायची आहे, तिथे दुसऱ्या काचेचे पैसे उघड्या हवेत जातात. तेच पैसे छज्ज्याला आणि जाळीला लावा.

कूलर घेऊ, असे कोणी म्हणेल. घ्या, पण लक्षात ठेवा, कूलरलाही समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर खोली दमट होते. आणि त्याला पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या शहराने पिण्याचे पाणी वाघिणीतून येताना पाहिले, तिथल्या गरिबाने आपला गारवा पाण्यावर अवलंबून ठेवू नये. चांगली खिडकी पाणी पीत नाही आणि वीजही खात नाही.

शेवटी भिंतीची काळजी. किल्लारी विसरू नका. खिडकी कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर असावी. सर्व दारे-खिडक्यांवरून सलग लिंटलचा पट्टा फिरवलेला असावा. जुनी खिडकी मोठी करताना लिंटल फोडू देऊ नका. भिंत दगड-मातीची असेल तर जाणत्या गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवल्याशिवाय नवी खिडकी पाडू नका. नवे घरकुल असेल तर पाया खणण्याआधीच खिडक्या ठरवा. शेवटचा हप्ता अडकला की पहिली काट खिडकीवर बसते, हा सर्वांचा अनुभव आहे. आणि ठरवताना घरातल्या बाईला विचारा. सबंध दुपार चुलीजवळ किंवा गॅसजवळ तीच असते. वारा कुठून येतो, ऊन कुठे टोचते, हे तिला मिस्त्रीपेक्षा जास्त माहीत असते.

आणखी एक. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी संसार आणि ग्रंथ दोन्ही सांभाळले. आपल्या लेकरालाही मोठी हवेली नको, पण पुस्तक ठेवायला उजेडाची जागा हवी. त्याची चटई अशी टाका की खिडकी डाव्या हाताला येईल, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. दिवसा दिवा लावावा लागला नाही, रात्री ते घामाने उठून बसले नाही, तर सकाळी शाळेत त्याचे लक्ष लागेल.

येत्या रविवारी बुद्धवंदना झाली की घरातल्या सगळ्यांनी मिळून एक काम करा. प्रत्येक खिडकीसमोर उभे राहा आणि ती रात्री का बंद असते ते एकमेकांना विचारा. डास असतील तर जाळी लावायची आहे. भीती असेल तर गज बसवायचे आहेत. लाज असेल तर अर्धा पडदा शिवायचा आहे. नवी खिडकी त्यानंतर. कदाचित तिची गरजही पडणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!