एमएमएची लढत बघण्याआधी डॉक्टर कुठे ते बघा

मालवण : मोबाईलवर व्हिडिओ बघून आपली पोरंही एमएमएच्या नादाला लागलीत. या खेळात ठोसे, लाथा, गळा आवळणं सगळं चालतं; पण डोळ्यात बोट, डोक्यामागे ठोसा, जांघेत लाथ याला बंदी. महाराष्ट्राचा भरत खंदारे २५ नोव्हेंबर २०१७ ला अमेरिकेच्या यूएफसीतर्फे शांघायात लढला नि पहिल्याच फेरीत गळ्याच्या पकडीत हरला. हाताने थापटलं की पंच लगेच सोडवतो, म्हणून अशी पकड जिवावर बेतत नाही. पण पंच जाणता हवा. गावात कोणी लढत ठेवली तर पोराला उतरवण्याआधी विचारा, डॉक्टर कोण, ॲम्ब्युलन्स कुठे? फेरी ५ मिनिटांची. डोक्याला जबर मार लागला तर आपल्याला गोव्याचं बांबोळी गाठावं लागतं.