बुजऱ्याची पहिली नोकरी

पाहुणे आले की जो माजघरात नाहीसा होतो, उत्तर येत असूनही वर्गात ज्याचा हात वर जात नाही, आणि दुकानातून काही आणायचे म्हटले की जो धाकट्या बहिणीला पुढे करतो, असा एखादा मुलगा पुष्कळ घरांतून असतो. कधी ती मुलगी असते. पण मुलीच्या या स्वभावाला लोक शालीनता म्हणून मोकळे होतात, आणि मुलाला मात्र घुम्या म्हणतात. असा मुलगा शाळा संपवून कामाच्या वयाला आला की, वडीलमाणसांना काळजी लागते. हा चारचौघांत बोलत नाही, याचे पुढे कसे होणार? मग बहुधा एकच उपाय ठरतो. जिथे सर्वांत जास्त बोलावे लागेल, अशाच जागी त्याला नेऊन बसवायचे. पाण्यात पडले की पोहता येते, असे वर म्हणायचे.

हा उपाय चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि ते मी स्वतः पाण्यात पडून बनवले आहे.

1968 साली मी अकरावीची, म्हणजे त्या वेळच्या शालान्त परीक्षेची, उत्तरपत्रिका देऊन मोकळा झालो. मला सोळावे संपत आले होते. माझ्या मामांनी तालुक्याच्या गावी एका कापडदुकानात मला नेले. मालकांना म्हणाले, “पोरगा हुशार आहे, फक्त तोंड उघडत नाही. गादीवर बसला की उघडेल.” काम वरवर सोपे होते. गिऱ्हाईक आले की फळीवरचे ठाण काढायचे, उलगडून दाखवायचे, पोताची स्तुती करायची आणि भावाची घासाघीस चालली की हसतमुखाने नकार द्यायचा. यातले ठाण काढणे आणि उलगडणे मला उत्तम जमे. पुढचे काही केल्या जमेना. बायका पातळ पाहत आणि विचारीत, “रंग जाणार नाही ना?” मी रंगाकडे पाही, त्यांच्याकडे पाही आणि गप्प राही. माझ्या गप्पपणाचा अर्थ त्या ‘रंग जाईल’ असा घेत आणि उठून जात! पंधरा दिवसांनी माझे तोंड उघडले नव्हते; उलट रोज सकाळी दुकानाची फळी दिसली की पोटात गोळा उठू लागला होता. सव्विसाव्या दिवशी मालकांनी मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. त्या सव्वीस दिवसांचा पगार मला मिळाला नाही. तो मागायचा, तर बोलावे लागले असते.

घरी आल्यावर आपल्यात काही तरी मुळातच उणे आहे, अशी माझी खात्री झाली. मोहनदास गांधी यांचे आत्मचरित्र तेव्हा मी वाचलेले नव्हते. वाचले असते, तर तितका खचलो नसतो. शाळेत असताना हा मुलगा इतका लाजाळू होता की, शाळा सुटताच घराकडे पळत जाई. वाटेत कोणी आपल्याशी बोलेल, थट्टा करील, ही भीती. पुढे विलायतेत जाऊन 1891 साली ते बॅरिस्टर झाले, तरी लाजाळूपणा तसाच राहिला. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात त्यांना पहिला खटला मिळाला. फी होती तीस रुपये. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास ते उभे राहिले, आणि डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, हे काम आपल्याच्याने होत नाही असे सांगून त्यांनी फी परत केली आणि न्यायालयातून निघून गेले. नंतर मुंबईतल्या एका शाळेत पंचाहत्तर रुपयांवर शिक्षकाची जागा मागितली. पण ते पदवीधर नव्हते, म्हणून तीही मिळाली नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते राजकोटला परत गेले आणि तिथे लोकांसाठी अर्ज व निवेदने लिहून देऊ लागले. महिन्याला सरासरी तीनशे रुपये मिळू लागले. माणूस तोच होता, विद्याही तीच. फक्त काम बदलले होते. अर्ज लिहून घेणाऱ्याशीही बोलावे लागतेच, पण त्या दोघांच्या मध्ये एक कागद असतो आणि दोघांचेही डोळे त्या कागदावर असतात. 1893 साली ते दक्षिण आफ्रिकेला गेले आणि त्याच वर्षी प्रिटोरियात, तिथल्या हिंदी लोकांच्या सभेपुढे, त्यांनी आयुष्यातले पहिले जाहीर भाषण केले. विषय होता व्यापारातील सचोटी. त्या वेळी बोलण्यासारखे काही तरी त्यांच्यापाशी होते.

पोहण्याचीच गोष्ट काढली म्हणून सांगतो. आमच्या गावी मुलांना विहिरीत पोहायला शिकवीत, तेव्हा कोणी नुसतेच ढकलून देत नसे. पाठीला वाळलेला भोपळा बांधीत. हळूहळू तो लहान होई आणि एक दिवस सुटे. ‘पाण्यात पडले की’ म्हणणारे हा भोपळा नेमका विसरतात.

बुजऱ्या मुलाला माणसे नकोशी असतात, असे नाही. माणसांसमोर रिकाम्या हातांनी उभे राहणे त्याला नको असते. म्हणून त्याला कोठारात किंवा हिशेबाच्या अंधाऱ्या खोलीत कायमचे दडवून ठेवावे, हेही मला पटत नाही. तिथे तो सुखात राहील. पण चार वर्षांनी तितकाच बुजरा राहील. आपला आणि समोरच्याचा मध्य सांभाळणारी एखादी वस्तू ज्या कामात असते, ते काम त्याने शोधावे. घड्याळ दुरुस्त करणारा, रोपवाटिकेत कलमे बांधणारा, सायकलची चाके सरळ करणारा, शिवणयंत्रावर बसणारा, यांच्याकडे माणसे सतत येतात. पण बोलणे वस्तूवरून निघते आणि वस्तूपाशी संपते.

मला ते काम वाचनालयात मिळाले. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात फाटक्या पुस्तकांचा ढीग साठला होता. मागच्या खोलीत बसून त्यांची बांधणी करायची. मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, सुटलेली पाने शिवायची, पाठीला कापडी पट्टी लावायची. एकदा एक वृद्ध वर्गणीदार बाई थेट त्या खोलीत आल्या. त्यांना हवी असलेली कादंबरी माझ्या मांडीवर होती आणि तिची शेवटची चार पाने हरवली होती. मी म्हणालो, “आजी, पाने नाहीत, पण शेवट मला ठाऊक आहे.” त्या समोरच्या खोक्यावर बसल्या. मी त्यांना शेवट सांगितला. खळ वाळून गेली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मी पंधरा मिनिटे एका अनोळखी व्यक्तीशी बोलत होतो.

बांधणीचे काम हलके समजू नका. मायकेल फॅरडे 1805 साली, चौदाव्या वर्षी, लंडनमध्ये एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. पुढे हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाची व्याख्याने त्याने ऐकली, टिपून घेतली, त्या टिपणांचे स्वतः पुस्तक बांधले आणि ते डेव्हींकडे पाठवून दिले. 1813 साली त्याला त्यांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. ज्याला मुलाखतीत बोलता येत नाही, त्याने आपल्या हातचा नमुना बरोबर न्यावा, तो असा.

तुमच्यापैकी बहुतेकांचे ते वय अजून आलेले नाही. 2016 साली दुरुस्त झालेल्या कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या उद्योगाला हातभार लावणे आणि कलावंत म्हणून काम करणे, एवढेच अपवाद आहेत. चौदा ते अठरा या वयात काम करता येते, पण खाणी, स्फोटके यांसारखे धोक्याचे नव्हे. बुजऱ्या मुलाला हे पाठ असलेले बरे, कारण न बोलणाऱ्याला राबवून घेणारे लोक जगात आहेत. वेळ किती, पैसे किती आणि ते कोणत्या दिवशी, हे तीन प्रश्न त्याने पहिल्याच दिवशी विचारले पाहिजेत. या बाबतीत मी त्याला काडीचीही सूट देणार नाही. तोंडाने विचारवत नसेल, तर लिहून विचारावे.

वाचनालयात पहिल्या दिवशी मी हे तिन्ही प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवले होते आणि मागच्या खोलीत पळालो होतो. थोड्या वेळाने ते स्वतःच तिथे आले. चिठ्ठीच्या खाली त्यांनी तिन्ही उत्तरे लिहून सही केली होती. ती माझ्या हाती देत ते म्हणाले, “अक्षर चांगले आहे. नव्या पुस्तकांची नोंदही तूच करीत जा.”