उशिराच्या गाडीचा हिशेब

प्रवासात गाडी अडकली की तो वेळ सत्कारणी कसा लावावा, याचे सल्ले हल्ली सगळीकडे मिळतात. पुस्तक वाचा, राहिलेल्या ईमेलना उत्तरे द्या, एखाद्या ऑनलाइन कोर्सचा धडा ऐका. सल्ले वाईट नाहीत. पण ते देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक प्रवासी असतो. तो एकटा असतो, धडधाकट असतो, त्याची जागा आरक्षित असते आणि दुसऱ्या दिवशी उशिरा पोचला तरी त्याचा पगार कापला जात नाही. जनरल डब्यात एका पायावर उभ्या असलेल्या मजुराला, तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला किंवा सकाळी नऊला परीक्षा असलेल्या मुलाला हेच सल्ले ऐकवून बघा.

माझे म्हणणे असे की या उशिराचा खरोखर उपयोग करायचा असेल तर क्रम बदलला पाहिजे. आधी माहिती आणि हक्क, मग शेजारचा माणूस, आणि सर्वांत शेवटी आपला स्वतःचा वेळ.

माहितीपासून सुरुवात करू. सगळे उशीर सारखे नसतात. कोकण रेल्वेचेच बघा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग अजूनही बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल तर एकीला स्टेशनात थांबावेच लागते. एक गाडी रखडली की तिच्या मागच्या आणि समोरच्या गाड्यांचेही गणित बिघडते. त्यात पावसाळा आला की वेगळे वेळापत्रक लागू होते, गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि डोंगर कापून काढलेल्या भागांत रात्रंदिवस गस्त घातली जाते. यामागे कारण आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळावर आले, गाडी घसरली आणि ५० हून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्स्प्रेसला महाड तालुक्यात तसाच अपघात झाला. तेव्हा जुलैच्या मुसळधार पावसात गाडी रेंगाळत असेल, तर तो उशीर म्हणजे आपल्या जिवाचा विमा आहे. त्यावर चिडण्यात अर्थ नाही.

पण इंजिन वेळेवर आले नाही, कर्मचारी हजर नव्हते किंवा कोणी नियोजनच केले नव्हते म्हणून झालेला उशीर ही वेगळी गोष्ट आहे. तिथे गप्प बसणे हा काही सद्गुण नव्हे. म्हणून पहिले काम म्हणजे विचारणे. १३९ वर फोन लावावा, रेल्वेच्या ॲपवर गाडी कुठे आहे ते पाहावे, स्टेशन मास्तरांना नीट विचारावे. जे कळेल ते घरी वाट पाहणाऱ्याला कळवावे आणि डब्यातल्या इतरांनाही सांगावे. अडकलेल्या गाडीत भुकेपेक्षा अफवा लवकर पसरते, हे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट हक्काची. आपण जिथून चढणार त्या स्टेशनवर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येत असेल आणि आपण प्रवास करणार नसू, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. ई-तिकीट असेल तर त्यासाठी टीडीआर भरावा लागतो आणि तोही गाडी प्रत्यक्ष सुटण्याच्या आत. खिडकीवर काढलेले तिकीट असेल तर ते गाडी सुटण्यापूर्वी खिडकीवर परत करावे लागते. विमानाचेही नियम ठरलेले आहेत. विमान सहा तासांपेक्षा जास्त उशिरा जाणार असेल तर कंपनीने दुसऱ्या विमानाचा किंवा पूर्ण परताव्याचा पर्याय द्यायचा असतो. ठरावीक मर्यादेपलीकडच्या उशिरात खाण्यापिण्याची सोय तिच्याकडे असते. हे कोणी उपकार म्हणून देत नाही. पण किती प्रवासी ते मागतात? बरेच जण काउंटरवरच्या पोराच्या अंगावर ओरडतात आणि पैसे न मागताच घरी जातात. धुके त्या पोराने पाडलेले नसते आणि इंजिनही त्याने बिघडवलेले नसते. ओरडण्यात आपला वेळ आणि आवाज जातो. हातात काही येत नाही.

आपल्याकडे 'सब्र' या शब्दाचा अर्थ तोंड मिटून सोसणे असा करून टाकला आहे. खरे तर सब्र म्हणजे स्वतःवरचा ताबा न सोडता उभे राहणे. ज्याचा तोल सुटलेला नाही तोच अर्ज नीट भरू शकतो, योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारू शकतो. आपले हक्काचे पैसे शांतपणे मागणे सब्रच्या विरुद्ध नाही, सब्रचाच भाग आहे.

आता शेजाऱ्याकडे येऊ. आपल्या परंपरेत मुसाफिराला बऱ्याच सवलती आहेत. नमाज कमी करता येते, रोजा पुढे ढकलता येतो, पाणी नसेल तर तयम्मुम चालतो. पण मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट जकातीतली आहे. जकात ज्यांना देता येते अशा आठ प्रकारच्या लोकांमध्ये वाटसरूही आहे. तो घरी सुखवस्तू असला तरी वाटेत त्याच्या हाती काही उरले नसेल, तर तो गरजू समजला जातो. लहानपणी मला याचे कोडे पडायचे. घरी पैसे असलेला माणूस गरीब कसा? आता त्याचे उत्तर मोबाइलने दिले आहे. बँकेत लाखभर रुपये आहेत, पण रात्री दोन वाजता आडगावच्या फलाटावर मोबाइलची बॅटरी संपली, तर तोच माणूस दहा रुपयांचा चहासुद्धा घेऊ शकत नाही. गरिबी ही नेहमी मिळकतीची गोष्ट नसते, कधी कधी ती केवळ जागेची आणि वेळेची असते. अडकलेल्या गाडीत आपण सगळेच थोड्या वेळासाठी तसे गरीब होतो.

शेजाऱ्याबद्दल बोलताना एक अवघड गोष्ट टाळता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत, इगतपुरीजवळ, एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला मांस नेत असल्याच्या संशयावरून सहप्रवाशांनी मारहाण केली. तेव्हापासून आमच्यासारख्या अनेक घरांत प्रवासाला निघणाऱ्याला एक सूचना जास्तीची मिळते: डबा शक्यतो उघडू नकोस, कोणाशी फार बोलू नकोस. मी या सूचनेला हसत नाही. ती भीतीतून आली आहे आणि भीतीला कारण आहे. पण डब्यातल्या प्रत्येकाने अशीच सूचना पाळली तर गाडी थांबल्यावर कोण कोणाला विचारणार?

काही वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, मी कोल्हापूरहून रत्नागिरीला येत होतो. आंबा घाटात दरड आली होती आणि आमची बस साडेपाच तास उभी राहिली. पहिले दोन तास प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये होता. मग पुढच्या सीटवरच्या एका आजोबांना दरदरून घाम फुटला. त्यांची साखर कमी झाली होती. आजी घाबरून सगळ्यांकडे बघू लागल्या. कोणी गुळाचा खडा दिला, कोणी बिस्किटे, कंडक्टरने पाणी आणले. अर्ध्या तासाने आजोबा सावरले, आणि मग बसमधले डबे एकेक करून उघडू लागले. शेजारच्या मावशींनी मला विचारले, "तुमच्या डब्यात काय आहे ओ?" मी जरा थांबून म्हणालो, "खिमा आहे मावशी. तुम्ही खाता का?" त्या म्हणाल्या, "श्रावण लागायचाय अजून. द्या की!" सगळी बस हसली. पुढच्या तीन तासांत कोणाला कुठे जायचे आहे याची यादी झाली. रस्ता मोकळा झाल्यावर साखरप्याला उतरणाऱ्या एका मुलीला घ्यायला कोण येणार आहे, याची खात्री करूनच बस पुढे निघाली.

एका खिम्याने देशातला द्वेष संपतो असे मी म्हणणार नाही. पण वेगात धावणाऱ्या गाडीत आपल्याला एकमेकांची गरज लागत नाही आणि थांबलेल्या गाडीत लागते, एवढे खरे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईने हेच पाहिले. लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले, रस्त्यावर उभे राहून पाणी आणि बिस्किटे वाटली. नाव विचारून बिस्कीट देण्याइतका वेळ त्या रात्री कोणाकडे नव्हता.

मुंबईला थांबणाऱ्याची सोय करण्याची जुनी सवय आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्याच सवयीची खूण आहे. १९९५ पर्यंत हजला जाणारी जहाजे मुंबईहून सुटत. जहाजासाठी ताटकळणे हे त्या जमान्यात प्रवासाबाहेरचे संकट नव्हते, ते प्रवासातच धरलेले असे. आपण वेग कमावला आणि थांबण्याची तयारी गमावली.

शेवटी स्वतःचा वेळ. इथे माझा आग्रह एवढाच की त्यालाही कामाचा तास बनवू नका. थकला असाल तर झोपा. झोप हा वेळेचा अपव्यय नाही. सामान कोणाच्या तरी नजरेखाली ठेवून फलाटावर दोन फेऱ्या मारा, पाय मोकळे होतील. ज्या खालाला वर्षभरात फोन केला नाही तिला फोन करा, पण बॅटरी बघून. आजोबा-पणजोबांची, त्यांच्या भावंडांची जितकी नावे आठवतात तितकी कागदावर लिहून काढा. जिथे नाव आठवत नाही तिथे रिकामी जागा ठेवा आणि घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा. ती रिकामी जागा भरू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

कोणी म्हणेल, हे सगळे शिकवून तुम्ही ढिसाळ कारभाराला पाठीशीच घालता. लोक थांबण्यात रमू लागले तर गाड्या वेळेवर कशाला येतील? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच मी हक्क पहिल्या रांगेत ठेवला. परतावा मागा, लेखी तक्रार करा, पोच घ्या. मात्र तक्रारीचा निकाल लागेपर्यंतचे तास कुढण्यात घालवले तर झालेल्या नुकसानीत आपणच भर घालतो.

पुढच्या प्रवासाला निघताना पिशवीत एवढे ठेवा: पाचशे रुपये सुटे, पॉवर बँक, पाण्याची जादा बाटली, रोजची औषधे दोन दिवसांची, गुळाचा खडा आणि दोघांना पुरेल एवढा डबा. दुसरा कोण, हे गाडी थांबल्यावर कळेलच.