शंभरास एकशें छत्तीस

गेल्या महिन्यांत एका रविवारीं सकाळींच आमचा भाचा संगणक कांखोटीस मारून दारांत दत्त म्हणून उभा राहिला. "मामा, शंभरास एकशें छत्तीस!" हे त्याचे पहिले शब्द. वेटोळ्यांतील प्रवाह एकाएकीं तोडला असतां विद्युद्दाबाचा जो झटका उसळतो, तो धारित्रांत, म्हणजे कपॅसिटरमध्यें, साठवून पुन्हां दिव्यास द्यावयाचा, अशी त्याची योजना होती. बॅटरीनें १.१ ज्यूल ऊर्जा दिली असतां दिव्यास १.५ ज्यूल मिळते, असें पडद्यावर स्पष्ट दिसत होतें. आतां तांब्याची तार व मोठे चुंबक यांसाठीं वडिलांकडून तीस हजार रुपये मिळवावयाचे, आणि त्याकरितां आमची शिफारस हवी!

हें गणित त्यानें एलटीस्पाइस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलें होतें. त्याचें मूळ कुळ स्पाइस. पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखालीं नेगल यांनीं तें बर्कले विद्यापीठांत तयार केलें व १९७३ सालीं विद्वानांपुढें मांडलें. मंडलाची आकृति काढून दिली, कीं तें प्रत्येक क्षणाचा दाब व प्रवाह काढून देतें. मात्र त्याचा सारा डोलारा किरखोफनें १८४५ सालीं सांगितलेल्या नियमांवर उभा आहे. आणि त्या नियमांतच मंडलांतील एकूण शक्तीचा जमाखर्च जुळलेला असतो. तेव्हां अशा गणितांतून फुकटची ऊर्जा निघाली, तर ती निसर्गाची देणगी नव्हे, हिशेबाची चूक होय, हें आम्ही भाच्यास सांगितलें. तो रुसला. मग दोघेही चूक शोधावयास बसलों.

ती सांपडावयास दुपारचे दोन वाजले, आणि जेवणें खोळंबलीं म्हणून घरांत बोलणींही बसलीं. मंडल लौकर चालू व्हावें म्हणून त्यानें १०,००० मायक्रोफॅरडच्या धारित्रास आरंभींच १२ व्होल्ट दाब देऊन ठेवला होता. अशा धारित्रांत ०.७२ ज्यूल असतात. सेकंदाच्या शेवटीं दाब ६ व्होल्टांवर आला होता, म्हणजे ०.१८ ज्यूल शिल्लक. मधले ०.५४ ज्यूल कोणीच खर्चीं टाकले नव्हते! ते मिळवतां एकूण पुरवठा १.६४ होतो, आणि त्यांतले ०.१४ उष्णतेंत गेले. वीस सेकंदांचा हिशेब मांडतांच एकशें छत्तिसाचे चौऱ्याण्णव झाले.

दुसरी एक चूक हौशी मंडळींकडून वारंवार होते. दाबाची सरासरी व प्रवाहाची सरासरी निरनिराळी काढून त्यांचा गुणाकार करावयाचा नाहीं. स्पंदित प्रवाहांत तो फसवा ठरतो. क्षणोक्षणींचा गुणाकार आधीं, सरासरी मागाहून. एलटीस्पाइसमध्यें ऑल्ट दाबून घटकावर टिचकी मारली, कीं हा गुणाकार आलेखरूपानें मिळतो.

भाच्याची निराशा पाहून आम्हांस वाईट वाटलें. या मोहांत मोठमोठे पडले आहेत. भास्कराचार्यांनीं सुद्धां सिद्धान्तशिरोमणींत पोकळ आऱ्यांत पारा अर्धा भरून आपोआप फिरणाऱ्या चक्राचें वर्णन केलें आहे. उलट पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें १७७५ सालीं असल्या यंत्रांचे प्रस्ताव तपासावयाचेच नाहींत असें ठरवून टाकलें. आम्हांस हें थोडें निष्ठुर वाटतें. चूक शोधतांना भाचा जितकें शिकला, तितकें त्याला कोणत्याही पुस्तकानें शिकविलें नसतें.

शिफारस आम्हीं केली नाहीं. त्याऐवजीं 'ज्यूल थीफ' नांवाचें एक चिमुकलें मंडल त्याला सुचविलें. एक ट्रान्झिस्टर, एक रोधक, फेराइटच्या कड्यावर दोन वेटोळीं व एलईडीचा दिवा, एवढेंच त्यांत लागतें. टाकाऊ घटांत उरलेल्या थोड्याशा ऊर्जेचा दाब वाढवून तें दिवा पेटवितें. निर्माण कांहींच करीत नाहीं. भाच्यानें तें आधीं पडद्यावर जुळविलें, मग हातानें. भिंतीवरच्या घड्याळांतून काढलेला घट त्यानें लावला, तेव्हां त्याची मामी जपाची माळ हातांत तशीच धरून पाहावयास आली. दिवा रात्रभर जळत होता.