दोन विद्यापीठं, एकच विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे पालकांच्या प्रश्नांची रीघ लागते. यंदा त्यात एक नवा प्रश्न वारंवार येतो आहे. मुलाला एकाच वेळी दोन विद्यापीठांची पदवी मिळणार, एक इथली आणि एक परदेशातली, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. हे खरं का? निपाणीकडच्या एका आईने तर रोखठोकच विचारलं, "दोन पदव्या आल्या आणि शेत गेलं, तर काय करायचं?"

तसं पाहिलं तर आपल्या सीमाभागाला दोन विद्यापीठांचं अप्रूप असू नये. बेळगावचं राणी पार्वती देवी कॉलेज १९४५ सालचं. तिथे सुरुवातीला शिकलेल्या आजोबांच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव, मुलाच्या पदवीवर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं आणि नातीच्या पदवीवर २०१० साली निघालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. कॉलेज तेच, विद्यापीठं तीन! निपाणीत तर गंमत आणखी वेगळी. देवचंद कॉलेज निपाणीकर आपलंच मानतात, पण अर्जुननगर पडतं कागल तालुक्यात, म्हणून पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. बागेवाडी कॉलेजात नाव घातलं तर पदवी कर्नाटकाची. एका घरातली दोन भावंडं एकाच उंबऱ्यातून निघून दोन राज्यांत शिकायला जातात. मायग्रेशन, एलिजिबिलिटी, समकक्षता हे शब्द आपल्या घरांत पोरांच्या कानावर लहानपणीच पडतात. तीच सवय इथे कामाला येईल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मे २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबरच्या अभ्यासक्रमांचे नियम केले. त्यात तीन वेगवेगळे प्रकार आहेत, आणि जाहिरातीत नेमके तेच एकमेकांत मिसळलेले दिसतात. 'ट्विनिंग' असेल तर मुलगा काही काळ परदेशात शिकतो, पण पदवी भारतीय विद्यापीठाचीच मिळते. 'जॉइंट' पदवीत प्रमाणपत्र एकच असतं, त्यावर दोन्ही संस्थांची नावं असतात. 'ड्युअल' म्हणजे मात्र खरोखर दोन पदव्या, दोन्ही विद्यापीठांनी आपापल्या दिलेल्या. त्यासाठी दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करून प्रवेश घ्यावा लागतो आणि किमान ३० टक्के क्रेडिट भारतातल्या संस्थेत मिळवावे लागतात. या नियमांखालच्या पदवीला पुन्हा समकक्षतेचा दाखला आणावा लागत नाही. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत खेटे घातलेल्या आपल्या माणसांना ही सवलत केवढी मोठी आहे, हे वेगळं सांगायला नको.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ड्युअल म्हणजे दोन विषयांच्या पदव्या नव्हेत. विषय एकच, पदव्या दोन. मुलीला वाणिज्यही हवं आणि कन्नड साहित्यही हवं असेल, तर त्याची वाट निराळी आणि पुष्कळ स्वस्त आहे. एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला मुभा दिली आहे. एक कॉलेजात जाऊन आणि दुसरा इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून करता येतो. तासांच्या वेळा आड येत नसतील तर दोन्ही कॉलेजात जाऊनही करता येतात. घरी अज्जीशी कन्नडमध्ये आणि आईशी मराठीत बोलणाऱ्या मुलीने हे केलं, तर मला परदेशी शिक्क्याइतकंच त्याचं कौतुक वाटेल.

परदेशात ही पद्धत चांगली रुळलेली आहे. फ्रान्समधली सियान्स पो आणि न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ यांच्या अभ्यासक्रमात पहिली दोन वर्षं फ्रान्समध्ये, पुढची दोन न्यूयॉर्कमध्ये आणि शेवटी दोन्हींची पदवी. भाषेची धास्ती आपल्या पोरांना घेऊ देऊ नका. दोन भाषांत वाढलेल्या मुलाला तिसरी-चौथी भाषा परकी राहत नाही. धास्ती घ्यायची ती पैशाची. फी डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये असते आणि रुपया घसरला की न वाढलेली फीसुद्धा वाढते.

पैसा मध्येच तुटला तर काय होतं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत दिसतं. ते काही ड्युअल पदवीला नव्हते, पण शिक्षण दोन देशांत आणि तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. कोलंबियातून १९१६ साली ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, असा दोन्हीकडे प्रवेश घेतला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. लंडनने चार वर्षांत परत येण्याची मुभा दिली होती, म्हणून वाट बंद झाली नाही. साठवलेले पैसे, मित्राचं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत यांवर ते १९२० साली पुन्हा गेले. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीच्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते आपल्याकडे आले, तेव्हा लंडनची डी.एस्सी. हाती होती. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली ती १९२७ साली.

म्हणून त्या आईला माझं सांगणं असं की पदव्या किती मिळणार हे नंतर विचारा. आधी विचारा, दीड वर्षाने मुलगा परत आला तर त्याच्या हातात काय असेल? व्हिसा नाकारला गेला तर इथली पदवी इथेच पुरी करता येईल का? मिळवलेले क्रेडिट कुठे धरले जातील, भरलेली फी किती परत मिळेल, खंड पडला तर किती वर्षांत परत जाता येईल? मध्येच बाहेर पडणाऱ्याची सोय काय, हे नियमाप्रमाणे संस्थेने स्पष्ट करायचं असतं. ते लेखी घ्या, शिक्क्यानिशी. तोंडी सांगून वेळ मारून नेत असतील, तर सातबारा किंवा उतारा बँकेत नेऊ नका.