म्यान नसलेले शस्त्र

गेल्या दसऱ्याला किन्हीराजा येथे एका परिचिताच्या घरी शस्त्रपूजनास गेलो होतो. पाटावर विळा, कोयता, आजोबांच्या काळची गंजलेली तलवार आणि मधोमध एक नवे कोरे पिस्तूल. परवाना रीतसर, मालक मात्र नवखा. आरती आटोपते न आटोपते तोच घरातल्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातील मुलाने ते कंबरेला खोचले, छायाचित्र काढले आणि मोबाइलच्या 'स्टेटस'वर चढवले. कोणी हटकले नाही. वर्गात त्याला मराठी शिकवणारे आम्हीही हटकले नाही. त्या मौनाची लाज वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाङ्मयाच्या अध्यापकांनी पिस्तुलावर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर भाषेतच आहे. तलवारीसाठी मराठीने संयमाची एक संपूर्ण शब्दसंपदा घडवली. तलवार उपसणे, परजणे हे शब्द आहेत, तसेच ती म्यान करणेही आहे. शस्त्र आवरण्याला स्वतंत्र क्रियापद आहे. बंदुकीच्या वाट्याला काय आले? 'दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे', म्हणजे जबाबदारी टाळणे. 'फुसका बार', म्हणजे पोकळ बढाई. आणि लग्नाचा 'बार उडवणे', म्हणजे जल्लोष. टाळाटाळ, बढाई आणि जल्लोष! बंदूक आमच्या भाषेत आली, पण तिचे म्यान आलेच नाही. ते जसे भाषेत आले नाही, तसे आचरणातही आले नाही, असे आमचे म्हणणे आहे.

उदाहरणे दूरची नाहीत. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. त्यासाठी वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते, असे तपासात पुढे आले. म्हणजे वाक्प्रचार शब्दशः खरा झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायात शिरली. शस्त्र ठेवताना हातून निसटले, असे सांगण्यात आले. तेथे ना शत्रू होता, ना हल्ला. होती ती क्षणाची बेसावधी. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यानंतर बीड जिल्ह्यातील हजाराहून अधिक शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली. शस्त्रे मिरवणाऱ्यांची छायाचित्रे बाहेर आली आणि अनेक परवाने रद्द करण्याची वेळ प्रशासनावर आली.

यावर एक आक्षेप ठरलेला. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली शस्त्रबंदीचा कायदा करून इंग्रजांनी या देशाला निःशस्त्र केले, तेव्हा शस्त्र बाळगणे हा स्वाभिमान आहे, असा. तो कायदा अपमानास्पद होता, हे निर्विवाद. पण आज जो कायदा आहे तो १९५९ सालचा, आपल्याच संसदेचा. एकवीस वर्षांखालील व्यक्तीने अग्निशस्त्र बाळगू नये, असे तो सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीने, मोजके अपवाद सोडता, एका व्यक्तीला दोनच शस्त्रांची मर्यादा घातली आणि जल्लोषात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड सांगितला. २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आणि सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजण्यास मनाई केली. जे म्यान भाषेने दिले नाही, ते कायद्याने शिवून ठेवले आहे. ते वापरायचे कोणी?

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याने काय करावे? त्याचा हक्क आम्ही नाकारत नाही. त्याला एवढेच सांगतो की, शस्त्र जवळ बाळगण्याची पहिली अट ते कोणाला न दिसणे, ही आहे. दिसलेले पिस्तूल रक्षण करीत नाही. ते धमकी देते, नाहीतर चोराला निमंत्रण देते. नवख्याने सराव होण्याआधी ते अंगावर घेऊ नये. घ्यायचेच तर चाप पूर्ण झाकणाऱ्या पक्क्या कातडी म्यानात घ्यावे, नुसते कंबरेला खोचू नये. बोट चापापासून दूर असावे आणि नळी कधीही माणसाकडे नसावी. दारूच्या बैठकीत, वरातीत, मिरवणुकीत ते नेऊच नये. घरी आल्यावर ते रिकामे करून कुलपात ठेवावे, गोळ्या निराळ्या. आणि सर्वांत अवघड ते हे: ज्याच्या कंबरेला पिस्तूल आहे त्याने भांडणातून सर्वांआधी माघार घ्यावी, शिवी गिळावी, धुऱ्याचा तंटा सोडून द्यावा. एवढा अपमान सोसण्याची तयारी नसेल, तर परवाना असूनही तो शस्त्र बाळगण्यास पात्र नाही.

म्हणूनच त्या दसऱ्याच्या पाटावर आम्हाला खटकले ते पिस्तूल नव्हे. तलवार गंजलेली होती, पण म्यानात होती. पिस्तूल लखलखीत होते आणि उघडे होते. त्या मुलाला दोहोंतला फरक समजावून सांगणे हे आमचेच काम होते. मराठीचा तास घेणाऱ्यांनी 'म्यान करणे' या क्रियापदाचा अर्थ शिकवायचा नाही, तर कोणी शिकवायचा?